तीन बोटं पातं

ओकायामा
१८ फेब्रुवारी १९७१

प्रिय रिहेइ,

काल तुझ्या बायकोचं, कायोचं पत्र शिनोला आलं. बहिणीचं पत्र माझी बायको मोठ्याने वाचते आणि मी पेपर तोंडासमोर धरून ऐकतो, हे तुला माहीत आहेच. आईंची कंबर, तुमच्या मिठाईच्या दुकानाचं बर्फाने वाकलेलं छप्पर, यंदा खेकडे कसे लहान निघाले, हे सगळं झाल्यावर अगदी तळाला एक ओळ: 'आईने बाबांची तलवार रिहेइच्या हवाली केली.' खेकड्यांना चार ओळी आणि तलवारीला एक!

अभिनंदन. अगदी मनापासून.

आता मला खोटं बोलता येत नाही म्हणून लिहितो, पेपर मी उलटा धरला होता असं शिनो म्हणते. मी थोरला जावई. माझं लग्न झालं त्याच आठवड्यात सासरेबुवांना लढाईवर जायचा हुकूम आला होता. घराण्यातली जुनी तलवार नुकतीच मूठ-म्यानाचा लष्करी साज चढवून घरी आली होती. पाहुणे जेवत असताना त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि म्यानातून तीन बोटं पातं बाहेर काढून दाखवलं. तीनच बोटं. मग मिटलं. लढाईवरून परतल्यावरही पुन्हा कधी दाखवलं नाही. तेहतीस वर्षं मी त्या तीन बोटांवर काढली आहेत. त्यानंतर गावोगावच्या म्हाताऱ्यांचे दात काढता काढता मी त्यांच्या माळ्यावरून किती लष्करी तलवारी काढल्या, तू मोजल्या आहेस. तपकिरी कातड्याचं म्यान दिसलं, मुठीवर घराण्याचं चांदीचं चिन्ह दिसलं, की माझ्या छातीत धडधडतं. पण तसं पातं पुन्हा दिसलं नाही.

असो. दिली ती दिली. आता ती सांभाळ. पात्याला उघड्या बोटाने शिवू नकोस, तुझी बोटं तर चोवीस तास साखरेत. पातं उघडताना ओठांत कागदाची घडी धर आणि त्यावर एक अक्षर बोलू नकोस. तोंडातली वाफ लागली की गंज चढलाच म्हणून समज. आणि ते लष्करी टिनपाट आधी उतरव. पातं साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात राहू दे. साज काय, फेकून दे. किंवा तुझ्या त्या कपाटात ठेव, माझ्याकडचं टाकाऊ तू नेहमीच मागून नेतोस.

तुला जमणार नसेल तर मी येऊन उतरवतो.

तेइझो कुसाका

•

कानाझावा
२ मार्च १९७१

प्रिय दादा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी घेवड्याचं सारण घोटत होतो. वाचता वाचता सारण करपलं. कायो म्हणाली, दादांच्या पत्राचा जाळ आपल्या चुलीपेक्षा मोठा दिसतो.

शपथेवर सांगतो, मी मागितली नव्हती. आई दुकानात आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ती लांबलचक पिशवी माझ्या पिठाच्या पाटावर ठेवली. मी म्हटलं, "आई, दादा थोरले. त्यांना कळतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणाल्या, "मी कुणाला विचारायला आले नाही. मी इथे राहते, म्हणून तलवार इथे राहील." शिवाय एक अट घातली आहे. ती अट कुणाला सांगायची नाही, अशी दुसरी अटही घातली आहे. तेव्हा मी मूग गिळून बसलो आहे.

आणि दादा, ते टिनपाट नाही. तुम्ही एकदा साजाकडे बघा तरी. म्यानावरचं कातडं अजून मुळ्याच्या लोणच्यासारखा वास मारतं. लढाई हरल्यावर तलवारी जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा आईंनी ती लोणच्याच्या पिंपामागे दडवली होती ना. मुठीचा गोंडा तपकिरी-निळा, कॅप्टनचा. बाबांची तर्जनी जिथे यायची तिथे मुठीचं विणकाम काळं पडलं आहे. तुम्ही पात्याच्या धारेवरची धुक्यासारखी रेघ बघता, मला हा काळा डाग बघावासा वाटतो. तुम्ही उतरवून फेकलेले साज मी जमवतो ते काय उगीच? प्रत्येकात कुणाचं तरी बोट आहे.

चेरी फुलली की या. आमच्या मंडळाचं तलवार-दर्शन एप्रिलमध्ये आहे, औषधवाले ताकेबे पंच आहेत. बाबांची तलवार मी तिथे ठेवणार. रिवाजाप्रमाणे मुठीवर फडकं गुंडाळलेलं असेल, मुठीच्या आत पात्यावर कोरलेलं लोहाराचं नाव दिसणार नाही. कुठली घडण ते तुम्ही ओळखा. तुमच्यासारखी नजर आमच्या मंडळात नाही, हे ताकेबेही कबूल करतात, तोंड वाकडं करून का होईना.

फक्त एक विनंती. ओठातला कागद या वेळी चावू नका. ओसाफुनेच्या नामांकित लोहारांचं पातं हाती आलं की तुमच्या दातांखाली कागदाचा चोथा होतो, आणि स्वतः दातांचे डॉक्टर!

सोबत साखरेच्या वड्या. तुमच्या पेशंटांना द्या, धंदा वाढेल.

रिहेइ

•

ओकायामा
९ मार्च १९७१

रिहेइ,

येतो. अट कसली ते मला कळलं. साज उतरवायचा नाही, हीच ना? म्हाताऱ्या माणसांचा हट्ट. मी आईंना समजावीन.

ओसाफुने माझ्या दवाखान्यापासून सायकलवर जाण्याइतकं जवळ आहे. तिथलं पातं मला आवडलं तर त्यात हसण्यासारखं काय? वड्या शिनोने लपवल्या.

तेइझो

•

ओकायामा
२१ एप्रिल १९७१

प्रिय रिहेइ,

सुखरूप पोचलो. तुमच्या सगळ्यांच्या पाहुणचाराने ओशाळलो. कायोला सांग, बांबूच्या कोंबांचा भात शिनोला जमत नाही, आणि हे मी शिनोसमोर बसून लिहितो आहे.

आता तलवारीबद्दल. त्या दिवशी ताकेबेंच्या दिवाणखान्यात सगळे होते म्हणून जास्त बोललो नाही. तू चेहरा पाडू नकोस. माझ्या चिठ्ठीत मी जे लिहिलं तेच माझं मत आहे: सेकी गावचं काम, चारशे वर्षांपूर्वीच्या यादवीच्या शेवटच्या काळातलं. तेव्हा शिपायांसाठी तलवारी घाऊक पाडत, त्यातली एक. वाईट नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीला जितका मान द्यावा तितका द्यावा.

मला माहीत आहे, तुला धक्का बसला. मलाही बसला. तेहतीस वर्षांपूर्वी तीन बोटं पाहून मी काय काय कल्पना केल्या होत्या! तरुण वय, लग्नाचा दिवस, समया लावलेल्या. पुरं पातं हातात घेतलं आणि भ्रम गेला. बरं झालं एका परीने. ताकेबेंनी माझी चिठ्ठी वाचून मान हलवली ती तू पाहिलीस ना? बाकीच्या मंडळींनीही मग माना हलवल्या. तू स्वतः चिठ्ठीत काय लिहिलंस ते सांगितलंच नाहीस. लाजू नकोस, काहीतरी मजेशीर असेल.

मूठ धरून ठेवणारी खुंटी फुगून अडकली, मूठ निघेना, म्हणून आतलं नाव त्या दिवशी पाहता आलं नाही, आणि उत्तर लांबणीवर पडलं. घाई करू नकोस. ठोकाठोक केलीस तर मूठ फुटेल. आणि नाव निघालंच, तर त्यावर फार भरवसा ठेवू नकोस. मोठ्या लोहाराचं नाव हलक्या पात्यावर कोरायचा धंदा जुना आहे.

तुझा,
तेइझो

•

कानाझावा
६ मे १९७१

प्रिय दादा,

पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या फुलं निवडत बसल्या होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरीचं पुन्हा वाच." मी वाचलं. संध्याकाळी सुरीने मुळा कापताना त्या दोनदा हसल्या. मला त्यांचं हसणं कळत नाही.

खरं सांगू? मला झोंबलं. तलवार हलकी निघाली म्हणून नाही. इतकी वर्षं बाबा तुमच्याशी पोलादाबद्दल बोलायचे आणि मला म्हणायचे, रिहेइ, जरा वड्या आण. मी वड्या आणायचो. दारात ट्रे घेऊन उभा राहायचो आणि तुमच्या दोघांची डोकी तुम्ही आणलेल्या एखाद्या पात्यावर वाकलेली बघायचो. पोटात दुखायचं, दादा. आता ती तलवार माझ्या घरात आली, तर ती सुरी निघाली. माझं नशीबच गोड पदार्थांचं.

असो. रिवाजाची आठवण करून द्यायला लिहितो. दर्शनात प्रत्येकाला तीन बोली असतात. पहिली चुकली तर दुसरी, मग तिसरी. ताकेबे म्हणतात, या तलवारीचं उत्तर अजून जाहीर झालं नाही, म्हणून सगळ्यांच्या दोन-दोन बोली शिल्लक आहेत. बाकीच्यांना त्यात रस नाही. तुमची दुसरी बोली काय?

माझ्या समाधानासाठी एकदा शांतपणे डोळे मिटून ते पातं आठवा. मग लिहा.

रिहेइ

•

ओकायामा
१७ मे १९७१

प्रिय रिहेइ,

डोळे मिटले. आठवलं. सेकी.

दुसऱ्या बोलीची गरज चुकणाऱ्याला असते. पण तू मनाला लावून घेतलंस हे वाचून वाईट वाटलं. मी थोरला आहे, तुझी अडचण सोडवणं माझं काम. म्हणून एक सुचवतो, राग मानू नकोस.

तुला साज हवा आहे. पात्याचं तुला काय करायचं? कानाझावाची दमट हवा, त्यात तुझ्या दुकानाची वाफ. वर्षभरात त्यावर डाग पडतील आणि आईंच्या डोळ्यांदेखत पडतील. तेव्हा असं कर. ते पातं मला दे. तसल्या पात्याला दुसरं कोण घेणार? मी ते लवंगेच्या तेलात जपेन, नवशिक्यांना सेकीचं काम समजावून द्यायला वापरीन. साज तू ठेव. साज रिकामा ठेवला तर मूठ आणि म्यान सुटे पडतात, म्हणून म्यानाच्या सुताराकडून मॅग्नोलियाचं लाकडी पातं करून आत घाल. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तुझ्या कपाटात बाबांची तलवार जशीच्या तशी उभी राहील, काळ्या डागासकट.

खुंटी तू काढू नकोस, मी इथे काढीन. माझ्याकडे बारीक हत्यारं आहेत, आणि अडकलेलं काढणं हाच माझा धंदा.

शिनोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सुरी हवी तर बाजारातून आणा ना." बायकांना इतिहासाची कदर नसते.

तेइझो

•

कानाझावा
८ जून १९७१

दादा,

पाऊस लागला आहे. दुकानात गिऱ्हाईक नाही. आई माझ्या समोर बसल्या आहेत आणि मी लिहितो ते प्रत्येक अक्षर वाचायला लावतात, म्हणून हे पत्र कोरडं वाटेल.

आई विचारतात: जे पातं सुरीच्या लायकीचं, ते थोरल्या जावईबापूंना इतकं का हवं?

आई म्हणतात: तिसरी बोली शिल्लक आहे. तिसरीनंतर चौथी नसते.

आता त्या चहा ठेवायला आत गेल्या, म्हणून घाईघाईने लिहितो. दादा, माझ्या तोंडाला कुलूप आहे. मी शपथ मोडू शकत नाही. पण मी तुमचा धाकटा साडू म्हणून, हात जोडून सांगतो, या वेळी उत्तर मला द्यायचं आहे असं समजू नका. बाबांना द्यायचं आहे असं समजा. त्यांनी तीन बोटं पातं तुम्हाला दाखवलं होतं, मला नाही. त्या खोलीत जे मनात आलं होतं तेच लिहा. चुकलात तरी चालेल. मनातलं लिहा.

आल्या. थांबतो.

रिहेइ

•

ओकायामा
१३ जून १९७१
(पोस्टकार्ड)

सेकी. सेकी. आणि पुन्हा विचारलंस तरी सेकी. तुझ्या घरात आली म्हणून तलवार मोठी होत नाही, हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पाठवायची असेल तर पाठव, नसेल तर राहू दे.

ते. कु.

•

कानाझावा
१० जुलै १९७१

प्रिय दादा,

हे पत्र पेटीवरच बांधलं आहे. कायो स्वतः पेटी घेऊन गाडीने येते आहे, तिला मी बजावलं आहे की दादांनी आधी पत्र वाचायचं आणि मग पेटी उघडायची. तुम्ही तसं करणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

तुमचं कार्ड आल्यावर आईंनी माझ्या तोंडाचं कुलूप काढलं. आता ऐका.

बाबा वारले त्या आठवड्यात त्यांनी आईंना सांगितलं होतं: दोन मुली, दोन जावई, तलवार एक. दोघांसमोर मुठीवर फडकं बांधून ठेव. नाव न बघता जो ओळखेल त्याची. आणि कुणाला आधी सांगू नकोस, सांगितलंस तर तो तलवारीकडे न बघता बक्षिसाकडे बघेल. आई म्हणतात, हे सांगताना ते हसत होते, कारण कोण ओळखणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. "थोरल्याला तीन बोटं दाखवली आहेत," म्हणाले, "त्या पोराचे डोळे खोटं बोलत नाहीत." आईंना इतकी वर्षं धीर झाला नाही. तलवार घरातून जाईल, या भीतीने. यंदा कंबरेने दगा दिला तेव्हा त्यांनी ती माझ्या पाटावर आणून ठेवली, आणि दर्शन मी मांडणार म्हणून मला तेवढं सांगावं लागलं. माझ्याकडे ती राहायला आली होती, दादा. तुमच्याकडे जायच्या वाटेवर होती.

खुंटी अडकली नव्हती. तो आईंचा बेत. ताकेबेंना उत्तर आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली ती तुमच्या मताला नव्हे, हळहळून.

आता माझं ऐका. मला पात्यातलं कळत नाही. त्या दिवशीही कळलं नाही. पण यजमान म्हणून सगळ्यांच्या ओठांतले कागद मी तबकात गोळा केले. तुमच्या कागदाला आरपार भोकं पडली होती, खालच्या दातांची वेगळी, वरच्या दातांची वेगळी. सेकीच्या सुरीसाठी तुम्ही कागद चावत नाही. मग मी माझी चिठ्ठी लिहिली. एकच शब्द लिहिला: ओसाफुने.

काल सगळ्यांसमोर फडकं सोडून खुंटी काढली, मूठ उतरवली. आतल्या पोलादावर तेच कोरलेलं आहे, तुमच्याच गावाजवळचं, सहाशे वर्षांपूर्वीचं. ताकेबेंनी कागदी पंख्याने माझ्या खांद्यावर मारलं आणि म्हणाले, हलवायाने ओळखलं! सगळे हसले. मीही हसलो. दादा, लपवत नाही, तुमची पहिली चिठ्ठी वाचली तेव्हा मला आनंद झाला होता. इतकी वर्षं ट्रे धरून दारात उभा असलेला माणूस आतून नाचला. दुसऱ्या पत्राच्या वेळी लाज वाटली. तिसऱ्या वेळी मी आई आत गेल्याचं पाहून तुम्हाला हात जोडले ते खरे होते. तुम्ही ते वाचलेच नाहीत.

आईंनी निवाडा केला आहे. पातं साध्या लाकडाच्या म्यानात माझ्याकडे राहील, तुम्ही पहिल्या पत्रात सांगितलं होतं अगदी तसं. साज तुमच्याकडे येईल. मी गयावया केली. मला साजच हवा होता, तो काळा डाग, तो लोणच्याचा वास. आई म्हणाल्या, "तुला ओळखता येतं ते तुला नाही, त्याला ओळखता येतं ते त्याला नाही. जळा दोघे." आता तुमच्या कपाटात माझा साज आणि माझ्या कपाटात तुमचं पातं.

आत मॅग्नोलियाचं लाकडी पातं घातलं आहे. तुमचीच सूचना. आईंनी तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे, तो कायो तोंडी सांगेल. मला लिहवत नाही.

तुमचा धाकटा साडू,
रिहेइ

•

ओकायामा
२ ऑगस्ट १९७१

रिहेइ,

पत्र आधी वाचलं नाही.

कायो बायकांमध्ये आत गेली आणि मी पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. तिथे आमच्या ओकायामा मंडळाचे पाच जण आधीच येऊन बसले होते. कायो पेटी घेऊन येणार हे कळताच मीच बोलावलं होतं. सांगितलं होतं, आज तुम्हाला जन्मात पाहिलं नसेल असं ओसाफुने दाखवतो. हो, त्यांना मी ओसाफुने असंच सांगितलं होतं. तुला सेकी, त्यांना ओसाफुने. महिनाभरातच.

सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. ओठांत कागद धरले. मीही धरला. सासरेबुवांनी धरलं होतं तसं म्यान धरलं आणि तीन बोटं पातं बाहेर काढलं. लाकूड. पांढरं, नवं, सुताराच्या रंध्याचा वास येत असलेलं. मी आणखी काढलं. पुरं काढलं. पाच जण तोंडात कागद धरून माझ्याकडे बघत होते. एकालाही हसता येईना की बोलता येईना, आणि मलाही. शेवटी त्यांच्यातल्या यामानेंच्या ओठातून कागद खाली पडला. मग एकेक जण उठून गेला, चहा न घेता.

कायो दारात उभी होती. तिने निरोप सांगितला. आईंचा आवाज काढून नाही, अगदी हळू. "आईने सांगितलंय, हे लाकूड आहे, यावर दादांना तोंड उघडून हवं ते बोलता येईल. गंज चढायचा नाही."

शिनो माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं असं की तिच्या बापाला मी खोटं पाडलं. खरं आहे.

तुझं पत्र मग वाचलं. तू लिहिलंस, तुझ्या पोटात दुखायचं. मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, जळतो तो मी एकटाच. तुझ्या दुकानावर, तुझ्या घरी राहणाऱ्या आईंवर, तुझ्या हसण्यावर. सासरेबुवा मला पोलाद समजावायचे आणि मी दारातल्या तुझ्या ट्रेकडे बघायचो. कारण वड्या आल्या की ते माझं बोलणं मध्येच तोडून तुझ्याकडे बघून हसायचे. माझ्याकडे बघून ते कधी हसले नाहीत. त्यांनी मला पातं दाखवलं. तुला ते हसू मिळालं. आणि आता पातंही मिळालं.

मी चांगुलपणाने लिहितो आहे असं समजू नकोस. अजून जळतोच आहे. काल एका पेशंटने तुझ्या गावचं नाव काढलं तर मी त्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला. शरद ऋतूत येईन आणि ते पातं बघीन. कागद दोन धरीन. दाखवायचं की नाही ते तू ठरव, आता तो हक्क तुझा. साज सोबत आणतो. मुठीवरच्या काळ्या डागावर बोट ठेवून बघितलं, माझं बोट तिथे बसत नाही. तुझं बसतं का ते बघू.

सोबत पांढऱ्या पीच पाठवतो आहे. आईंना दे. कुणाकडून ते सांगितलंस तर त्या खाणार नाहीत, म्हणून सांगू नकोस. नाही, सांग.

आज सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी ते म्यानातून काढलं, तीन बोटं. कागद घेतला नाही. लग्नाच्या दिवशी, मागच्या खोलीत, जो शब्द माझ्या मनात आला होता आणि भीतीने तोंडातून फुटला नव्हता, तो आईंनी सांगितल्याप्रमाणे तोंड उघडून, मोठ्याने म्हटला. ओसाफुने. तीनदा म्हटला, तीन बोलींसाठी. लाकडाला काहीच झालं नाही.

तेइझो